म्हंजे मिस्त्री

"इंजिन बंद पडलंय" असं म्हणत अप्पांसमोर जाणारा माणूस दोन मिनिटांत गोंधळून जायचा. अप्पा हातातला पान्हा खाली ठेवायचे, मान वर करून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि विचारायचे, "बंद पडलंय म्हंजे?" आता बंद पडलं ते पडलं, त्यात आणखी काय सांगायचं? माणूस म्हणायचा, "चालू होईना गेलंय." की लगेच, "होईना म्हंजे?" परभणीत स्टेशनाच्या अंगाला आमचा जिनिंगचा कारखाना होता, तिथे त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. तोंडावर सगळे त्यांना अप्पा म्हणत आणि पाठीमागे म्हंजे मिस्त्री. पाठीमागे म्हटलेलं त्यांना कधीच कळलं नाही. का कळलं नाही, ते मला फार उशिरा समजलं.

मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्याचे, शेवटचे दिवस होते. दुसरी मोठी लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून चिठ्ठीवरच मिळायचं. मी बोरीचा. घरची शेती, दोन बैल आणि माझं शिक्षण उर्दू चौथी. कारखान्याच्या मालकांनी कापूस आणायला एक जुनी लॉरी घेतली आणि तिच्यावर मला ठेवलं, कारण एका उन्हाळ्यात मी एका हाकिमाच्या ड्रायव्हरच्या हाताखाली चाक धरायला शिकलो होतो. लॉरी घेऊन बोरीतून जाताना मी उगाच चारदा भोंगा दाबायचो. पारावर बसलेली म्हातारी मंडळी उठून उभी राहायची. त्या चार भोंग्यांसाठी मी काहीही केलं असतं, आणि शेवटी केलंच.

अप्पा लिंगायत, मूळचे बिदरकडचे. उंच, वाळलेले, पाठीत थोडे वाकलेले. सकाळी आंघोळ करून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन त्यांची पूजा व्हायची. ती झाल्याशिवाय ते कोणत्याही इंजिनाला शिवत नसत, मग मालक दारात उभा असो नाहीतर तालुकदार. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे असायचे आणि दुपारपर्यंत घाम पुसता पुसता त्यावर ग्रीसचा चौथा पट्टा उमटायचा. उमेदीची वीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या शेडमध्ये बॉयलरवर काढली होती. तिथून का सोडून आले, हे कोणी विचारलं नव्हतं. एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कारखान्याच्या मागच्या खोलीत चूल, एक घोंगडी आणि हत्यारांची पेटी, एवढाच संसार.

इंजिनाच्या दुखण्यांना त्यांनी नावं ठेवली होती आणि त्या नावांत काडीचा फरक चालत नसे. इंजिन चालू करायचं हँडल फिरतच नसेल तर ते 'जाम'. फिरतंय पण आत काहीच होत नसेल तर 'पेटत न्हाई'. एकदा फुर्र करून मरत असेल तर 'पेटतंय, पण धरत न्हाई'. वर कार्बोरेटरातून फस्सकन उडालं तर ती 'शिंक', खाली सायलेन्सरातून फट्ट वाजलं तर तो 'खोकला'. पेट्रोल जास्त होऊन भिजलं असेल तर 'पिलंय'. आणि हँडल फिरवणाऱ्याच्याच हातावर उलटून येत असेल तर 'उलटं मारतंय'. शिंकेला खोकला म्हणणाऱ्या माणसाला ते असं बघत, की जणू त्याने आईला मावशी म्हटलं. "शिंक आली तर वर बघायचं, खोकला आला तर खाली. तू खोकला म्हणलास तर मी दिवसभर खालीच बघत बसू का?" असं म्हणत. त्यात चूक काढायला जागा नव्हती.

माणूस अडखळत, डोकं खाजवत, एकदाचा नेमका शब्द बोलला, की अप्पांचा चेहरा खुलायचा. दोन्ही हात फडक्याला पुसत ते म्हणायचे, "हां. आता हात लावता येतंय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याच्याआधी ते इंजिनाला बोटही लावत नसत. एकदा एक अंमलदार साहेब आपली मोटार ढकलवत कारखान्यात घेऊन आले. साहेब घामाघूम आणि त्यांचा ड्रायव्हर भेदरलेला. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी खराब हो गई." अप्पा म्हणाले, "खराब म्हंजे? दूध खराब होतंय, आंबा खराब होतंय. गाडीला काय व्हायलंय?" ड्रायव्हरची बोबडी वळली. साहेबच पुढे झाले. त्यांना असं विचारायची कोणाची छाती नव्हती, पण का कोण जाणे, शाळेतल्या पोरासारखे ते सांगायला लागले, की सकाळी पाच-सहा वेळा हँडल मारलं, चोकही ओढला होता, पेट्रोलचा वास येतोय. अप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले. साहेबांनी चाचरत विचारलं, "म्हणजे... पिली असेल का?" सगळा कारखाना खाली मान घालून हसू दाबत होता. साहेबांची मोटार दारू प्यायल्याचं साहेबांनीच कबूल केलं होतं. अप्पांना त्यात काही हसण्यासारखं दिसलं नाही. म्हणाले, "हां. आता हात लावता येतंय," आणि पाव घंट्यात गाडी चालू करून दिली.

मला त्यांनी पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल? मिशी कातरायला. त्या वेळी माझी मिशी म्हणजे बोरीत बोलायचा विषय होता. दोन्ही ओठ झाकून खाली उतरलेली, तेल लावलेली. अप्पांनी मला समोर उभं केलं, दोन मिनिटं बोलायला लावलं आणि म्हणाले, "उद्या ही काढून ये. मग बोलू." मी चिडलो. बायकोला सांगितलं, की हा मिस्त्री खुळा आहे. पण लॉरी त्यांच्याच हातात होती, म्हणून गेलो न्हाव्याकडे. पान खाऊन बोलणाऱ्यालाही ते आधी चूळ भरून यायला पाठवत. मान फिरवून बोलणाऱ्याला खांद्याला धरून आपल्याकडे वळवत. आम्ही म्हणायचो, रेल्वेतला माणूस, शिस्तीचा फार.

शिकवायची त्यांची पद्धतही वेगळीच. ते मुद्दाम इंजिनात काहीतरी बिघडवून ठेवायचे आणि मला हँडल मारायला लावायचे. मग मी सांगायचं काय होतंय ते. काय झालंय ते नाही, काय होतंय ते. "प्लग खराब आहे" असं म्हटलं की ओरडायचे, "प्लग तुला दिसायलाय का? न्हाई ना? मग जे कळलं तेवढंच सांग. हाताला काय लागलं, कानाला काय आलं, नाकाला काय आलं." हँडल कसं धरायचं तेही त्यांनीच शिकवलं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. मुठीत आवळून धरलं आणि इंजिनानं उलटं मारलं, तर अंगठा जागेवर राहत नाही. महिना-दोन महिन्यांत ही खोड माझ्याही अंगात भिनली. बायको एकदा म्हणाली, "डोकं दुखायलंय." मी सहज विचारून गेलो, "दुखायलंय म्हंजे? ठणकायलंय का जड झालंय?" तिने हातातलं लाटणं दाखवलं आणि म्हणाली, "तुमच्या अप्पाला कारखान्यातच ठिवून येत जा."

चालू इंजिनाचा आवाज ते कसा ऐकत, ते बघायला बाहेरची माणसं यायची. चिंचेच्या लाकडाची एक वीतभर काडी त्यांच्या खिशात असायची. तिचं एक टोक इंजिनाला टेकवायचं आणि दुसरं दातांत धरायचं. डोळे मिटून ते तसे उभे राहायचे आणि मग बोट ठेवून सांगायचे, ह्या ठिकाणी. लोक म्हणायचे, मिस्त्री दातांनी ऐकतो. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

एके दिवशी भर दुपारी मी लॉरी मागे घेत होतो. अप्पा लॉरीच्या मागच्या बाजूला जमिनीवर बसून कसला तरी नट धूत होते. मी भोंगा दाबला. ते हलले नाहीत. पुन्हा दाबला, हाक मारली. काहीच नाही. ब्रेक लावून मी धावत गेलो तेव्हा लॉरीचं मागचं चाक त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर होतं आणि ते शांतपणे नट धूत होते. मी समोर गेलो तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं, मग मागे वळून लॉरी पाहिली.

मी विचारलं, "अप्पा, तुमाला ऐकू येत न्हाई का?"

त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं आणि सवयीने म्हणाले, "ऐकू येत न्हाई म्हंजे?" मग स्वतःच उत्तर दिलं, जसं मी द्यावं अशी त्यांची अपेक्षा असायची तसं. "उजव्या कानात जाड आवाज येतो, तोबी अगदी कानाशी आला तर, बारीक न्हाई येत. बाईमाणसाचं, लेकराचं बोलणं तर मुळीच न्हाई. डाव्या कानात काहीच न्हाई, नुसती शिट्टी वाजायलीय, चोवीस घंटे. बॉयलरनं खाल्ले कान. रेल्वेनं म्हणूनच घरी बसवलं. समोरून बोललं तर तोंड बघून कळतंय. तुझी मिशी म्हणून काढली." मग हळूच म्हणाले, "मिस्त्री बहिरा हाय म्हणल्यावर मला कोण इंजिन दावील, किसन? दुसरं मला काहीच येत न्हाई."

मी त्यांच्यापुढे बसून होतो. इतके महिने ज्याला आम्ही हट्ट समजलो, ती त्यांची गरज होती. शिंक का खोकला हे ऐकायला त्यांच्याकडे कानच नव्हते. दुसऱ्याच्या तोंडातून येणारा शब्द हाच त्यांचा कान होता, आणि तो शब्द चुकला की अप्पा आंधळ्यासारखे चाचपडणार होते. मी शपथ घेतली, की कोणाला सांगणार नाही. ते म्हणाले, "शपथ नको. नेमकं सांगत जा, बस्स."

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. हे मी आज, नातवंडं अंगावर खेळत असताना, अगदी मोजूनमापून लिहितो आहे. दुसऱ्या कोणाचं इंजिन आलं की मी आपोआप अप्पांच्या समोर जाऊन उभा राहायचो. हँडल दुसरा कोणी मारायचा, मी ऐकायचो आणि आवाज न करता नुसते ओठ हलवायचो. 'शिंक.' 'धरत न्हाई.' 'तिसरं सिलिंडर पेटत न्हाई.' अप्पा मान डोलवायचे आणि काडी दातांत धरायचे, लोकांना दाखवायला. कारखान्यात नाव त्यांचं व्हायचं आणि ऊर माझा भरून यायचा. संध्याकाळी स्टेशनात गाडी यायच्या वेळी ते मला विचारायचे, "आली का रं? ही शिट्टी गाडीची हाय का माझ्या कानातली?" मी सांगायचो, गाडीची. मग ते समाधानाने पाय पसरून बसायचे. माझा बाप मी लहान असतानाच गेला होता. त्याची उणीव त्या दोन वर्षांत मला एकदाही भासली नाही.

आता ते सांगायला हवं, जे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

कापसाचे दिवस होते. मालक, अप्पा, दोन हमाल आणि मी असे लॉरी घेऊन देवगाव फाट्याच्या बाजूला कापूस भरायला गेलो होतो. अप्पांना बरोबर घेतलं होतं, कारण लॉरी आठ दिवसांपासून कुरकुरत होती. भरलेली लॉरी फाट्यावर थांबवली. मालक चहाच्या दुकानात शिरले. त्यांना दुपारच्या गाडीने हैदराबादला जायचं होतं. अप्पा आणि हमाल वीस-पंचवीस पावलांवर लिंबाखाली भाकरी सोडून बसले.

त्या काळच्या लॉरीबद्दल दोन शब्द सांगतो. आमच्या लॉरीला किल्लीने चालू करायची सोय नव्हती. पुढून हँडल घालून हाताने इंजिन फिरवायचं. ड्रायव्हरच्या हातातल्या चाकाखाली डाव्या बाजूला एक लहान लोखंडी काडी असायची, आत ठिणगी लवकर पडावी का उशिरा ते तिच्यावर. हँडल मारायच्या आधी ती वर सारायची आणि गाडी पळायला लागली की खाली घ्यायची. वर सारायचं विसरलं, की ठिणगी वेळेआधी पडते, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मारणाऱ्याचा हात मोडतो. ड्रायव्हरचा हा पहिला धडा. आणि मी नेमकं तेच विसरलो होतो.

हँडल मारलं तर धाडकन उलटून आलं. अंगठा जागेवर होता म्हणून वाचलो. बघतो तर काडी खालीच. घाईघाईने वर सारली, पुन्हा मारलं, पुन्हा धाडकन! तोवर मालक दुकानातून बाहेर आले. "काय झालं रे?" त्यांनी विचारलं. महिनाभरापूर्वीच माझ्या हातून लॉरीतलं पाणी आटून इंजिन तापलं होतं, तेव्हा मालकांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, की आणखी एक कसूर झाली तर परत बैलांमागे. अप्पाही उठून आले. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "काय व्हायलंय?"

'उलटं मारतंय' हे दोन शब्द माझ्या ओठांवर होते. पण त्याच्यामागून अप्पांचा दुसरा प्रश्न आला असता, काडी कुठं व्हती? तो मालकांसमोर आला असता. मला बोरीचा पार दिसला. लॉरी दुसराच कोणीतरी चालवतो आहे आणि मी बैल घेऊन कडेला उभा आहे, असं दिसलं.

मी म्हणालो, "पेटत न्हाई."

मनाला मी सांगितलं, की अप्पा आधी प्लग काढतील, पेट्रोल बघतील, हळूहळू सगळं त्यांना सापडेलच. त्यांनी बघितलंही. पण मालकांच्या पायाखाली निखारे होते. "मिस्त्री, हाणा ना हँडल, माझी गाडी जायलीय!" अप्पांनी माझ्याकडे बघितलं. काडी वर आहे ना, अशी हाताने खूण केली. मी मान हलवली, वर तर होतीच. पेटत नाही असं म्हटलं होतं मी. जे पेटतच नाही ते उलटं कसं मारेल? त्यांनी निर्धास्तपणे हँडल धरलं आणि सगळा जोर लावून फिरवलं.

तो आवाज मी लिहिणार नाही. अप्पा ओरडले नाहीत. खाली बसले आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मनगटापासून हात भलतीकडे वळला होता. मग ते उठले, डाव्या हाताने बॉनेटखाली चाचपलं आणि मालकांना म्हणाले, "काडीची खीळ पडलीया. काडी नुसतीच फिरायलीय, आत काहीच हलंना. ती बघायचं काम माझं व्हतं." माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

त्यांच्या पाठीमागे उभा असलेला हमाल भोळेपणाने म्हणाला, "पण अप्पा, आधी दोनदा धाडधाड वाजलं की! आमी लिंबाखाली ऐकलं. तुमी तर आमच्याबराबरच बसलते. तुमाला कामून न्हाई आला आवाज?"

अप्पांनी मान वळवली नाही. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. मालकांनी हमालाकडे पाहिलं, मग अप्पांच्या न वळलेल्या पाठीकडे. काय घडतंय ते तिथे फक्त मला कळत होतं, आणि ज्यांच्या बाबतीत घडत होतं ते खीळ नसलेल्या भोकाला तार कशी बांधायची ते मला सांगत होते.

परभणीत एका हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. चार-पाच दिवसांनी मालक हैदराबादहून आले आणि कारखान्यात शिरले. अप्पा डाव्या हाताने पान्हे पुसत बसले होते, मी त्यांच्या समोर होतो. मालक त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मिस्त्री!" सगळी माणसं काम थांबवून बघायला लागली. "अहो मिस्त्री!" मी आवाज न करता ओठ हलवले, 'मागं मालक.' अप्पांनी ते वाचलं. वाचलं हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण त्यांचे डोळे क्षणभर माझ्या ओठांवर थांबले. तरी ते वळले नाहीत. मला म्हणाले, "राहू दे, किसन." आणि पुढचा पान्हा पुसायला घेतला.

मालक वाईट माणूस नव्हते. "कापसाचा कारखाना आहे. उद्या काही पेटलं आणि ह्यांना ऐकू आलं नाही तर मी काय करू?" असं ते मला म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाही वाईट वाटत होतं. मला मात्र त्यांनी लॉरीवर कायम ठेवलं. वर असंही म्हणाले, की आता मिस्त्रीचं कामही तूच बघ, अप्पांचं सगळं तुला येतं.

बिदरकडच्या गावी अप्पांचा एक पुतण्या होता, त्याच्याकडे ते निघाले. हत्यारांची पेटी त्यांनी माझ्या खोलीत आणून ठेवली. दुपारच्या गाडीला मी त्यांना पोचवायला गेलो. फलाटावर बाकड्यावर आम्ही बसलो. झोळीत घालून गळ्यात अडकवलेला हात, कपाळावर तीन स्वच्छ पट्टे. चौथा पट्टा नव्हता, तेवढ्यानेच मला ते परके वाटायला लागले. गाडी येऊन लागली. मी वळकटी आत ठेवली आणि खाली उतरून त्यांच्या समोर उभा राहिलो.

"अप्पा," मी म्हणालो, "माझं चुकलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. तेच, टक लावून. आणि विचारलं, "चुकलं म्हंजे?"

मला रडायला येत होतं, पण रडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि मग त्यांना कळलं नसतं. मी दात आवळून एकेक शब्द सावकाश उच्चारला. "काडी वर सारायची मी विसरलो व्हतो. हँडलनं मला दोनदा उलटं मारलं व्हतं. ते मला ठावं व्हतं. मालकाच्या भ्यावानं मी पेटत न्हाई म्हणलो."

अप्पांचा चेहरा खुलला. खोटं लिहीत नाही, बरोबर शब्द सापडल्यावर खुलायचा अगदी तसाच खुलला.

"हां," ते म्हणाले, "आता हात लावता येतंय." आणि त्यांनी चांगला असलेला डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

मग विचारलं, "शिट्टी वाजली का रं? का माझ्याच कानातली हाय?"

"गाडीची हाय," मी म्हणालो.

ते डब्यात चढले. गर्दीत त्यांना पलीकडच्या खिडकीपाशी जागा मिळाली, फलाटाकडे पाठ करून. गाडी हलली. त्यानंतर वर्षभरातच मोगलाई गेली, कारखाना गेला, लॉरी भंगारात गेली. मी परभणीतच स्वतःचं गॅरेज टाकलं आणि आता तेही मुलगा बघतो. बिदरकडे मी दोनदा जाऊन आलो, पण पुतण्या गाव सोडून गेला होता आणि अप्पांचं पुढे काय झालं हे कोणाला सांगता आलं नाही. गॅरेजात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, गाडी चालू होत नाही. माझ्या तोंडून आपसूक निघतं, "होत नाही म्हंजे?" आणि मग उगाच खोकल्याचं सोंग करावं लागतं.

त्या दिवशी फलाटावर मी गाडीबरोबर धावलो होतो. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. मी तीनदा, जिवाच्या आकांताने, "अप्पा!" म्हणून हाक मारली. सगळा डबा वळून माझ्याकडे बघायला लागला. पण मी त्यांच्या पाठीमागे होतो.